शिट्टीनंतरचे तीन ठोके

"सर, तो खण परत एकदा आपटा," थोरवत मॅडम दारातूनच म्हणाल्या.

मी दचकलो. ग्रंथालयात मधल्या सुट्टीशिवाय कोणी येत नसे, आणि आलं तरी माझ्याशी बोलायला येत नसे. शाळेत संगणक आला म्हणून पुस्तकांच्या कार्डांचं जुनं कपाट रिकामं करायचं होतं. त्याचा एकेक लांबोडका सागवानी खण काढून, उलटा करून, तळावर थाप मारून मी धूळ झाडत होतो. आपलं काही चुकलं असेल असं वाटून मी खण टेबलावर ठेवून दिला.

"ठेवू नका. आपटा. तळावर तळहात, आणि मग कडेवर नुसती बोटं."

मी वाजवलं. तळाचा आवाज जाड आला, कडेचा कोरडा. मॅडमनी डोळे मिटून मान हलवली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता मला टेपरेकॉर्डर नको."

थोरवत मॅडम त्या जूनमध्ये शारीरिक शिक्षणाला आल्या होत्या. वय असेल पंचवीस-सव्वीस. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्यापुरत्याच शाळेच्या. आमचं तालुक्याचं गाव. पी.टी.च्या तासाला मैदान मुलांचं असे आणि मुली लिंबाखाली बसून वेण्या घालत. कोणाचं पोट दुखे, कोणाची चिठ्ठी असे. माझी खिडकी मैदानावर उघडत असल्यामुळे एकोणतीस वर्षं मी हेच बघत आलो होतो आणि त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. मॅडमना ते पहिल्या आठवड्यात दिसलं. त्यांनी नववी 'ब'च्या मुलींना हिप हॉप शिकवायला घेतलं. पुण्याला बी.पी.एड. करताना वसतिगृहाच्या गच्चीवर त्या ते शिकल्या होत्या. अभ्यासक्रमात 'तालबद्ध हालचाली' असं कलम होतंच. ते पान त्यांनी मुख्याध्यापक नलवडे सरांना दाखवलं आणि सरांनी नाइलाजाने मान डोलावली. फक्त दहावीचे जादा तास चालू असतात म्हणून मैदानावर गाणी लावायची नाहीत, असं सांगितलं. म्हणून मॅडम ताल शोधत फिरत होत्या, आणि तो त्यांना माझ्या हातात सापडला.

मी नाही म्हणालो. मला चारचौघांत उभं राहता येत नाही. शाळेच्या एकाही संमेलनात मी व्यासपीठावर चढलो नव्हतो. मॅडम म्हणाल्या की उभं राहायचंच नाही, बसायचं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातली खुर्ची स्वतः उचलून मैदानाच्या पूर्वेच्या कडेला नेली, सूर्याकडे पाठ येईल अशी ठेवली आणि म्हणाल्या, "सर, तुमचा चष्मा जाड आहे. डोळ्यांवर ऊन नको. मुली नीट दिसल्या पाहिजेत."

पुढे रोज खुर्ची त्याच ठेवत. मी ठेवली तर परत हलवून ठेवत.

मी खण मांडीवर घेऊन बसे. तळावर एक, कडेवर दोन, मधे एक रिकामी जागा, असं आठापर्यंत. मुली गुडघे सैल सोडून खाली-वर होत, खांदे आधी आणि कंबर मागून नेत, एकदम थबकत, परत वाहत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. माझा ठोका मागे पडतो का, हे मी मॅडमना इतक्या वेळा विचारलं की शेवटी धनश्री डुबल नावाची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही मागे पडला तर आम्ही थांबू, पण तुम्ही विचारत बसू नका." सगळ्या हसल्या. मीही हसलो. एकदा शाळा सुटल्यावर ग्रंथालयाचं दार लावून मी शब्दकोशांच्या दोन कपाटांमध्ये उभा राहिलो आणि गुडघे सैल सोडून पाहिले. चौथ्या मात्रेला कोपर कपाटाला लागलं. पण त्या चार मात्रांपुरतं मला फार बरं वाटलं होतं, हे मी आज पहिल्यांदाच कोणाला सांगतो आहे.

मैदानाचा एक नियम इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या मैदानावर एकाच वेळी एकीकडे गोळाफेक चाले, दुसरीकडे नाच, मधून पाण्याला जाणारी पोरं. मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, शिट्टी वाजली की दगड. जो जिथे, जसा असेल, तिथे तसाच. पाय उचललेला असेल तर उचललेला. मग गोळा कुठे आहे ते मॅडम बघणार, आणि सगळं ठीक असेल तर सोडणार. आधी त्या दुसरी शिट्टी वाजवून सोडत. पण लांब एक आणि लगेच दुसरी यात पोरांचा गोंधळ होई, म्हणून खण आल्यापासून सोडायचं काम माझ्याकडे आलं. मॅडम माझ्याकडे बघून मान हलवत, मी तळावर दोन आणि कडेवर एक ठोका देई, आणि मैदान पुन्हा हलायला लागे. तोंडाने कोणी कितीही ओरडलं तरी हलायचं नाही. एकदा मुलांनी गंमत म्हणून "चला, सुटलो" अशी हाळी दिली होती आणि चार जण धावले होते, त्यानंतरचा हा नियम.

धनश्री ऑगस्टमध्ये एकदा शिट्टीला हलली. सुटलेली चप्पल घ्यायला तिने एक पाऊल टाकलं आणि गोळा तिच्यापासून हातभर लांब पडला. मॅडम इतक्या घाबरल्या की त्यांना रागावताही येईना. तीन तास बाहेर, एवढंच म्हणाल्या. ते तीन तास ती ग्रंथालयाच्या पायरीवर बसून होती.

"मी हललेच नव्हते सर," ती खिडकीतून मला म्हणाली. "पाय हलला."

"पाय तुझाच ना?"

"आता नाही हलणार. बघाच तुम्ही."

मॅडमनी मग थबकणं नाचातच आणलं. शेवटी शिट्टी व्हायची, बत्तीस मुली बत्तीस तऱ्हांनी थांबायच्या आणि माझ्या तीन ठोक्यांवर सुटायच्या. धनश्रीचं थांबणं सगळ्यांत अवघड होतं. दोन्ही पंजे आणि डोक्याची कड जमिनीला, एक कोपर पोटात रुतवलेलं, आणि सगळं अंग त्याच्यावर आडवं तोललेलं, पाय हवेत. आठ मात्रा ती तशी राहू शके. माझे ठोके नवव्या मात्रेला येत.

डिसेंबरात संस्थेचा वर्धापनदिन होता. अध्यक्ष आबासाहेब येणार, तालुक्यातली मंडळी येणार. नलवडे सरांनी मॅडमना बोलावून सांगितलं की जूनपासून एक कायम जागा भरायची आहे, आबासाहेबांना तुमचं काम दिसलं आणि पटलं तर तुमचं नाव घालता येईल, नाही पटलं तर मार्चनंतर तुमचे तासही धरू नका. मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा त्या खणाच्या कोपऱ्यातला निघालेला खिळा दगडाने ठोकत होत्या.

"मग लेझीमच बसवा," मी म्हणालो. "त्यात कोणी काही बोलणार नाही."

"लेझीम मुलं करणारच आहेत. मुलींचं काय करू, लिंबाखाली बसवू?"

मला वाटतं, माझ्या त्या सल्ल्यातच पुढचं सगळं होतं.

वर्धापनदिनाला सकाळी नऊ वाजता कार्यक्रम सुरू झाला. व्यासपीठ पश्चिमेला होतं, माझी खुर्ची समोर पूर्वेला, रोजच्याच जागी. शाळेत काथ्याची एकच जाड गादी होती, ती धनश्रीच्या जागी टाकायची ठरली होती. ती सकाळी सापडेना. नंतर दिसलं की पाहुण्यांच्या सोफ्याखाली धूळ उडू नये म्हणून शिपायाने ती व्यासपीठावर अंथरली होती. पाहुण्यांचे बूट तिच्यावर होते. मॅडम नलवडे सरांकडे गेल्या. सर म्हणाले, आता पाहुण्यांना उठवायचं का? मॅडमनी धनश्रीला ते थांबणं आज नको, साधं उभं राहा म्हणून सांगितलं. तिने मान डोलावली. पण तिच्या वडिलांची पिठाची गिरणी त्या दिवशी बंद होती आणि ते पांढरी टोपी घालून तिसऱ्या ओळीत येऊन बसले होते. चौदा वर्षांची मुलगी. तिला दोष द्यायला मी आजही तयार नाही.

मुलांचं लेझीम झालं, मनोरे झाले, टाळ्या झाल्या. मग मी खणावर हात ठेवला.

दोन मिनिटं सगळं नीट चाललं. मी खाली बघून वाजवत होतो, कारण वर बघितलं की माझा हात चुकतो. पहिलं जे ऐकू आलं ते व्यासपीठावरचं हसू. ध्वनिक्षेपक चालूच होता. कोणीतरी पाहुणा म्हणत होता, "आबा, आता लग्नाला पोरगी बघायला गेलो की ती उलटी होऊनच दाखवायची काय?" मी मान वर केली. आबासाहेब हसत नव्हते. त्यांनी बोटाने मॅडमना वर बोलावलं. मॅडम वर गेल्या. मुली नाचतच होत्या, मी वाजवतच होतो.

"बाई, हे काय चालवलंय?"

मॅडम काहीतरी म्हणाल्या. 'अभ्यासक्रम' एवढा शब्द मला ऐकू आला.

"आमच्या पोरींना हे शिकवायला ठेवलंय व्हय तुम्हाला? आणा ती शिट्टी इकडं."

मॅडमनी गळ्यातली दोरी काढून शिट्टी दिली. आबासाहेबांनी ती पुसली आणि फुंकली. लांब, जोरात.

बत्तीस मुली दगड झाल्या.

मैदान इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. धनश्री पंज्यांवर तोललेली होती. शिट्टी आली तेव्हा ती त्यातच होती की शिट्टीबरोबर तिने मुद्दाम ते घेतलं, मला माहीत नाही. तिच्याखाली उघडा मुरूम होता.

"आबासाहेब, मुली थांबल्यात," मॅडम म्हणाल्या.

"थांबायलाच मारली शिट्टी."

"तसं नाही, त्यांना सोडायला लागतं, त्या अशा—"

"तुम्ही मधे बोलू नका, बाई."

आणि आबासाहेब ध्वनिक्षेपक जवळ ओढून बोलायला लागले. संस्था कोणी उभी केली, कुठल्या हालअपेष्टांत उभी केली, आपल्या मुलींनी काय शिकावं आणि काय शिकू नये. मॅडम व्यासपीठाच्या कडेला येऊन ओरडल्या, "मुलींनो, खाली बसा." एकही मुलगी हलली नाही. तोंडाने कोणी कितीही ओरडलं तरी हलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. आबासाहेबांना वाटलं की बाई आपलं भाषण तोडतायत. त्यांनी हात आडवा केला. व्यासपीठावर अकरा माणसं होती. शिकलेली, पदांवरची, घरात मुली असलेली. त्यांच्या समोर पंधरा पावलांवर एक मूल हातांवर तोललेलं थरथरत होतं आणि ती माणसं भाषणाला माना डोलावत होती. तिसऱ्या ओळीत तिचा बापसुद्धा टोपी सावरून अध्यक्षांकडे बघत होता.

ती पडली तेव्हा आवाज झाला नाही. मी तो आवाज आठवून बघितला आहे, पण झालाच नाही. डावा हात अंगाखाली गेला आणि ती एका कुशीवर आली. आणि ती पडल्यावरही बाकीच्या एकतीस जणी हलल्या नाहीत. काहींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण उचललेले पाय उचललेलेच होते.

मग मी तीन ठोके दिले. मग त्या धावल्या.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. हात बसवला, पण सरळ बसला नाही.

चौथ्या दिवशी नलवडे सरांनी मला कार्यालयात बोलावलं. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून शाळेची सगळी इतिवृत्तं माझ्याकडून लिहून घेत. सर वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, माझ्यासारखेच. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहू लागलो. दिनांक, वार, स्थळ. मग म्हणाले, "सदर विद्यार्थिनी नृत्य करीत असताना तोल जाऊन पडली."

माझं पेन थांबलं.

"सर, ती नाचत नव्हती."

"मग काय करत होती?"

"थांबली होती."

सरांनी चष्मा काढला. "थांबलेलं माणूस पडतं का, बोंद्रे?"

मी म्हणालो की शिट्टी वाजली होती. सर म्हणाले, शिट्टी कोणी वाजवली ते लिहायचं आहे का तुम्हाला? लिहा. तुमचीच सही खाली. मला चार वर्षं नोकरी राहिली होती. मी हे कारण म्हणून सांगत नाही, त्या वेळी डोक्यात हेच आलं म्हणून सांगतो. मी 'नृत्य करीत असताना' लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

त्या कागदावर मॅडमचे तास बंद झाले. मार्चही लागला नाही. तोच कागद सरांनी धनश्रीच्या वडिलांपुढे सरकवला. ते शब्द जुळवत वाचत होते, मी दाराशी उभा होतो. वाचून झाल्यावर त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "हिला नाचायला सांगितलं होतं कोणी?" सरांनी कागद फायलीत लावला. घरी जाऊन त्यांनी मुलीला काय विचारलं असेल ते मला माहीत आहे, कारण प्रश्न आम्हीच लिहून दिला होता.

मॅडम जाताना ग्रंथालयाचं पुस्तक परत करायला आल्या. मी नोंद केली. त्यांनी कपाटावरच्या खणाकडे एकदा बघितलं, त्या खिळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "निघते, सर." मी 'बरं' म्हणालो. एकोणतीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला तेवढाच शब्द सापडला.

गेल्या महिन्यात शाळेची स्मरणिका पोस्टाने आली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. या वर्षापासून शारीरिक शिक्षणाच्या तासाला हिप हॉप सुरू झालं आहे. त्यासाठी आरसे लावलेली खोली, जमिनीवर जाड मऊ गाद्या. उद्घाटन आबासाहेबांच्या चिरंजीवांनी केलं आणि त्यांच्या गळ्यात गमतीने शिट्टी घातली आहे. खाली मजकूर आहे, जिल्ह्यातला पहिलाच उपक्रम. आणि पुढच्या पानावर शाळेच्या इतिहासात एक ओळ, 'पूर्वी एका विद्यार्थिनीस नृत्य करीत असताना अपघात झाल्याने असा उपक्रम थांबवण्यात आला होता.' माझीच ओळ. सतरा वर्षं कपाटात राहून ती छापून आली. थोरवत मॅडमचं नाव कुठेही नाही. मी स्मरणिका दोनदा चाळली. मला इतका राग आला की चहाचा कप खाली ठेवताना बशी फुटली. आबासाहेबांचा राग आला, त्या अकरा जणांचा आला, गादीवरच्या बुटांचा आला. मग नेहमीप्रमाणे तो राग जिथे यायचा तिथे आला.

कारण एक गोष्ट मी मघाशी सांगताना गाळली.

आबासाहेबांनी हात आडवा केला तेव्हा मॅडम गप्प झाल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ माझ्याकडे. आणि मान हलवली, रोज हलवत तशीच. तळावर दोन, कडेवर एक. खण माझ्या मांडीवर होता. तळहात त्याच्यावरच होता. मॅडमनी परत मान हलवली. मी त्या बोलणाऱ्या माणसाकडे बघितलं आणि मला वाटलं, भाषण चालू आहे, एवढं वाक्य संपू दे. वाक्य संपलं तेव्हा दुसरं सुरू झालं. मी मनात आठ-आठ मोजत होतो. चार आठ झाले. पाचव्या आठात ती पडली.

प्लास्टर काढल्यावर जानेवारीत धनश्री ग्रंथालयात आली होती. पुस्तक नको होतं तिला. डावा हात टेबलावर ठेवून ती उभी राहिली. मनगट जरासं बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं.

"मी हलले नाही सर," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं ना?"

"बघितलं."

"हातच सुटला. मी नाही हलले." मग थोडा वेळ ती खणाकडे बघत राहिली. "मला वाटत होतं आता वाजेल, आता वाजेल. मॅडमनी तुम्हाला खूण केली नाही का?"

माझ्यासमोर नोंदवही उघडी होती. मी तिच्यात बघत म्हणालो, "केली असेल बाळ. मला दिसली नाही. डोळ्यांवर ऊन येत होतं."

तिने लगेच मान डोलावली. "हां. ऊन होतंच त्या दिवशी," म्हणाली, आणि उजव्या हाताने डावा हात उचलून घेऊन गेली.

कार्यक्रम सकाळचा होता. सूर्य माझ्या पाठीशी होता. खुर्ची मॅडमनी ठेवली होती.